मढी : बिऱ्हाड पाठीवर असणाऱ्यांचा गड

सोनईच्या आसपास राहणाऱ्यांना दारांवाचूनच्या घरांच्या शिंगणापूरचे नवल वाटत नाही. त्याच मुलखातून आग्नेयेकडे तिसगावच्या बाजूला गेले की गर्भगिरीच्या रांगा सुरू होतात आणि पाथर्डी तालुक्यातील मढी लागते. टेकडीच्या माथ्यावर किल्ल्यासारखे दिसणारे कानिफनाथांचे समाधिमंदिर आणि त्याच्या आश्रयाने वसलेली वस्ती, एवढेच हे गाव. तरीही त्याला ‘भटक्यांची पंढरी’ म्हणतात.

गडाच्या बांधकामाविषयी परंपरा असे सांगते की, १६८९ साली रायगड पडून येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले, तेव्हा शाहूंच्या सुटकेसाठी कानिफनाथांना नवस बोलण्यात आला. शाहू १७०७ मध्ये सुटले आणि नवस फेडण्यासाठी गड उभारला गेला. (येसूबाईंची स्वतःची सुटका व्हायला मात्र १७१९ उजाडले.) मला या कथेतील राणीपेक्षा दगड वाहणारे हात अधिक मोलाचे वाटतात. हे अवजड दगड आपल्या पूर्वजांनी डोंगरावर चढविले, असे गोपाळ, कैकाडी, बेलदार आदी जमाती पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या आहेत. त्या श्रमांचे स्मरण म्हणून होळीचा मान गोपाळांकडे, तर कळसाला काठी लावण्याचा मान कैकाड्यांकडे आहे. गावोगावी ज्यांची पाले वेशीबाहेर पडत, ज्यांतील काहींवर इंग्रजी कायद्याने जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांना या टेकडीवर मानकरी म्हणून हाक मारली जाते.

होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत यात्रा चालते. रंगपंचमी हा समाधीचा दिवस. तत्पूर्वी गावकरी महिनाभर व्रत पाळतात. घरात तळण होत नाही, गादी-पलंग वापरत नाहीत, लग्नकार्ये थांबतात. हा काळ बहुधा आपल्या उपवासकाळातच येतो, त्यामुळे आपल्या घरांना हे नियम परके वाटू नयेत. यात्रेतील गाढवांचा बाजारही प्रसिद्ध आहे. झावळ्यांच्या रविवारी ज्या जनावराचे आपण कौतुकाने स्मरण करतो, त्याच्यावर ज्यांचे पोट अवलंबून, ते येथे दात तपासून घासाघीस करतात. ट्रॅक्टर-टेम्पो आल्यापासून गाढवांची पूर्वीची गरज उरलेली नाही.

या मेळ्याला काळी बाजूही होती. येथेच जातपंचायती बसत, दंड ठोठावीत, कुटुंबे वाळीत टाकीत. स्त्रियांच्या वाट्याला तर अधिकच कठोर निवाडे येत. सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरविणारा २०१६ चा कायदा झाल्यावर पंचांच्या हुकमतीला प्रथमच खरा शह बसला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मढीच्या ग्रामसभेने मुस्लिम व्यापाऱ्यांना यात्रेत दुकाने लावू न देण्याचा ठराव केला. ते व्रताचे नियम पाळत नाहीत, असे कारण देण्यात आले. प्रशासनाने तो ठराव नियमबाह्य ठरविला, तरी कटुता राहिली. व्रत पाळणाऱ्यांची भावना मी समजू शकतो. पण दुकानदाराच्या धर्मावरून यात्रेची वेस आखणे मला पटत नाही. १८८४ च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये याच टेकडीवरील समाधीची नोंद आहे. तेथे समाधिस्थ पुरुषाची नावे दोन दिली आहेत, कान्होबा आणि शाह रमजान माही सवार. आणि हिंदू व मुसलमान दोघेही त्याला भजतात, असे लिहिले आहे. ‘माही सवार’ म्हणजे माशावर स्वार झालेला.