लॅपटॉप : वीज न मिळणे व सुरू न होणे

बटण दाबूनही लॅपटॉपचा दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही किंवा पडदा काळाच राहतो, तेव्हा ‘लॅपटॉप डेड झाला’ असे म्हटले जाते. परंतु या एका शब्दाखाली यंत्रापर्यंत वीजच न पोहोचणे आणि वीज पोहोचूनही प्रारंभ पूर्ण न होणे असे दोन निराळे दोष येतात. निदान नेहमी बाहेरून आत, म्हणजे भिंतीवरील बोर्डापासून मदरबोर्डाकडे, करीत जावे.

चार्जर घरातील 230 व्होल्टचा प्रत्यावर्ती (सतत दिशा पालटणारा) प्रवाह बहुधा 19 ते 20 व्होल्टच्या एकदिश प्रवाहात बदलतो. त्यावर सहसा 100 ते 240 व्होल्ट अशी मर्यादा छापलेली असते. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारख्या गावात विजेचा दाब 180 व्होल्टपर्यंत उतरला, तरी केवळ त्यामुळे चार्जर बिघडत नाही. खरा धोका दाब चढण्याचा आहे. डीपीवरील, म्हणजे वितरण रोहित्रावरील, न्यूट्रल तार तुटली की तिन्ही फेजांवरील भार असमान असल्याने कमी भाराच्या फेजवरील घरांत दाब 400 व्होल्टच्या दिशेने चढतो आणि चार्जरमधील फ्यूज किंवा त्यामागचे घटक जळतात. चार्जर जळून लॅपटॉप बचावला, तर ते थोडक्यात निभावले असेच समजावे. जवळपास आकाशातील वीज कोसळल्यास तारांतून येणारा धक्काही असाच घातक असतो, आणि बोर्डावरचे बटण फक्त एकच तार तोडत असल्याने गडगडाट सुरू होण्यापूर्वीच पिन काढून ठेवणे हाच भरवशाचा उपाय होय.

म्हणून प्रथम त्याच बोर्डावर दुसरे उपकरण लावून पाहावे, मग चार्जरचा दिवा आणि जॅकजवळची वायर तपासावी, कारण सतत वाकून ती तेथेच आतून तुटते. गोल जॅकच्या चार्जरचा दाब मल्टिमीटरने मोजता येतो. यूएसबी-सी चार्जर मात्र लॅपटॉपशी संकेतांची देवाणघेवाण झाल्याशिवाय पूर्ण दाब देत नाही, त्यामुळे सुट्या टोकावर शून्य दिसले म्हणून तो निकामी ठरत नाही. डेल व एचपीच्या अनेक चार्जरांच्या जॅकमध्ये मधोमध ओळख पटवणारी बारीक पिन असते. ती मोडल्यास लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही.

चार्जर ठीक असेल, तर तो काढून, आणि बॅटरी सुटी होणारी असल्यास तीही काढून, पॉवर बटण सुमारे 30 सेकंद दाबून धरावे. त्यामुळे धारित्रांत (विद्युत्भार साठवणाऱ्या घटकांत) उरलेला भार निघून जातो आणि वीज-नियंत्रक नव्याने सुरू होतो. हा बिनखर्चाचा उपाय अनेकदा पुरतो, तरी तो न करताच यंत्र दुकानात नेले जाते. वऱ्हाडातील उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत लिथियम-आयन बॅटरीचे तापमान सुमारे 45 अंश सेल्सिअसवर गेल्यास संरक्षक मंडल चार्जिंग थांबवते, तो बिघाड नसून बचाव असतो. बॅटरी फुगली असेल, तर मात्र ती दाबू वा टोचू नये, कारण तिच्यात आग लागू शकते. तिचा वापर तत्काळ बंद करून ती ई-कचरा संकलनाकडे द्यावी.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो, अशा वेळी दोष बहुधा वीजपुरवठ्यात नसून प्रारंभिक स्वपरीक्षेत किंवा पडद्यात असतो. रॅम काढून, तिचे संपर्क स्वच्छ करून पुन्हा बसवल्यास पुष्कळ यंत्रे सुरू होतात, आणि बाहेरचा मॉनिटर जोडल्यास बिघाड पडद्याचा की मदरबोर्डाचा हे कळते. याउपर काहीच जिवंत दिसत नसेल, तर मदरबोर्डावरील वीज-मार्गात शॉर्ट असण्याचा संभव असतो आणि ते काम कारागिराचेच. मदरबोर्ड जळाला, तरी सुट्या एसएसडीतील माहिती बहुधा शाबूत राहते. म्हणून यंत्र दुरुस्तीला देताना एसएसडी पुसू नये, असे कारागिराला आधीच स्पष्ट सांगावे.