'बग्ज'चा रकाना

एआय एजंटसाठी टूलचं वर्णन कसं लिहायचं, असं कोणी विचारलं की मी आधी युनिक्सचं जुनं मॅन्युअल उघडायला सांगतो. पहिल्या आवृत्तीवर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ते लिहिलं. प्रत्येक कमांडला एकच साचा: नाव, वापरायची रीत, वर्णन, संबंधित फाइली, चुकलं तर काय दिसेल, आणि 'बग्ज'.

मला भावतो तो हा 'बग्ज'चा रकाना. आपल्याच प्रोग्रॅमची खोड स्वतःहून सांगायची, तीही छापील! १९७९ च्या सातव्या आवृत्तीत फाइली जोडणाऱ्या 'कॅट' कमांडच्या पानावर बजावलंय, की जोडायच्या फाइलींपैकीच एकीत निकाल लिहायला गेलात तर ती वाचण्याआधीच पुसली जाईल.

आता बघा, माणसाला पान कळलं नाही तर तो शेजारच्या टेबलावर विचारतो. एजंटला बऱ्याचदा तीही सोय नसते. टूलचं नाव, पॅरामीटर आणि दोन ओळींचं वर्णन, एवढ्यावर त्याला ठरवायचं असतं. 'ग्राहकाची नोंद अपडेट करते' एवढंच लिहिलं, तर न पाठवलेले रकाने तसेच राहतात की कोरे होतात हे त्याला कसं कळणार? तो अंदाज बांधणार, आणि ग्राहकाचा पत्ता उडणार.

म्हणून मंडळी, टूल काय करतं, काय परत देतं, कधी वापरू नये आणि केलेलं काय मागे घेता येत नाही, हे लिहाच. थॉम्प्सन-रिचींनी टाइपरायटरच्या जमान्यात लिहिलं, आपल्याला काय जड आहे?