गिअर बदलायची परवानगी

बोर्दोजवळ द्राक्षमळ्यांतून सोव्हतेरपर्यंत जाणारा शांत सायकलमार्ग जुन्या रेल्वेलाइनवर बांधलाय. त्याला नाव आहे रोजे लापेबीचं. १९३७ची 'तूर द फ्रान्स' त्याने डिरेलर गिअर लावून जिंकली. त्याआधी हौशी सायकलस्वार हे गिअर वापरत होते. तूरमधल्या व्यावसायिकांना मात्र बंदी होती. संस्थापक आंरी देग्रांजला वाटे, जिंकावं ते पायांच्या जोरावर, यंत्राच्या नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. नवं टूल आलं की 'आता मेहनत संपली' म्हणणारे मलाही भेटतात. त्यांना हा रस्ता दाखवावासा वाटतो. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाहीत, म्हणून इंजिनिअरांनी तो सौम्य आखला. आज त्यावरून लहान पोरं, आजीआजोबाही सायकल चालवू शकतात. गिअरनेही मेहनत संपली नाही. घाट चढणारे वाढले.