बिऱ्हाड कुठे थाटायचे?

आपण एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवतो, तेव्हा दोन्हीकडच्या संगणकांना एकमेकांशी बोलावे लागते. त्यांची भाषा वेगळी, वेगही वेगळा. अशा ठिकाणी मध्ये एक दुभाष्या आणि एक टपालखाते लागते. जावा भाषेत लिहिलेला ‘कॅमल’ हा असा दुभाष्या, तर ‘ॲक्टिव्हएमक्यू’ हे टपालखाते. घेणारा हजर नसेल, तर ते निरोप जपून ठेवते. पण या दोघांचे बिऱ्हाड कुठे थाटायचे? या प्रश्नाला आजवर तीन उत्तरे मिळाली.

जावा १९९५ साली आली. १९९९ च्या अखेरीस मोठ्या उद्योगांसाठी तिची खास आवृत्ती निघाली आणि ‘ॲप्लिकेशन सर्व्हर’ रूढ झाले. हा जणू मोठा वाडाच. अनेक प्रोग्रॅम एका छपराखाली, काही लायब्ऱ्या सामाईक. एकाला लायब्ररीची जुनी आवृत्ती हवी आणि दुसऱ्याला नवी, की भांडण ठरलेले. दुरुस्तीसाठी सर्व्हर बंद केला, की सगळ्यांचेच काम थांबे.

दुसरे उत्तर घरगुती उपकरणांकडून आले. १९९९ मध्येच ‘ओएसजीआय’ ही संघटना स्थापन झाली. यंत्र चालू असतानाच त्यातला एखादा भाग बदलता यावा, ही गरज होती. त्यासाठी प्रत्येक भागाने आपल्याला काय लागते आणि आपण काय देतो, हे आधीच लिहून द्यायचे. मग एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्याही शेजारी नांदतात. या तत्त्वावरचे ‘कराफ’ २०१० मध्ये अपाचे प्रतिष्ठानचा स्वतंत्र प्रकल्प झाले. वाड्याची चाळ झाली. खोल्या वेगळ्या, पाण्याची टाकी मात्र एकच! एका भागाने सारी मेमरी गिळली, तर सगळेच आडवे.

२०१३ मध्ये ‘डॉकर’ आणि २०१४ मध्ये ‘स्प्रिंग बूट’ची पहिली आवृत्ती आली. आता प्रत्येकाला स्वतंत्र घर देणे सोपे झाले. लायब्ऱ्या आपापल्या, मेमरीची मर्यादाही ठरवून देता येते. दुभाष्या कोसळला, तरी डिस्कवर नोंदवलेले निरोप टपालखात्यात थांबून राहतात. पण प्रत्येक घरात जावाचे यंत्र वेगळे, त्यामुळे मेमरी जास्त लागते. शिवाय आतल्या आत होणारे बोलणे आता नेटवर्कवरून होते, म्हणून सावकाश.

मग निवड कशी करावी? नवे तेच चांगले, असे नव्हे. एक कोसळला तर त्याच्याबरोबर आणखी कोण कोसळलेले चालेल, हे आपण आधी विचारावे. मेमरी मोजकी असेल आणि काम थोडे थांबले तरी चालत असेल, तर चाळही पुरते. बँकेच्या निरोपांना मात्र वेगळे घरच हवे.

शाळेत प्रत्येक खोलीला वेगळा फ्यूज का असतो, हे वर्गात विचारून पाहावे. मुले हेच उत्तर देतील.