दाखला

उर्दूत ‘दाखिला’ म्हणजे प्रवेश. मराठी शाळेत ‘दाखला’ म्हणजे शाळा सोडल्याचा कागद. दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे माझी दर जूनमध्ये पंचाईत होते. एखादी अम्मी दारात येऊन म्हणते, “सर, बच्चे का दाखला होना,” आणि मुलगा यायचा आहे की जायचा आहे हे आधी विचारून घ्यावे लागते.

काही वर्षांपूर्वी आमच्या आठवीतला एक मुलगा जायचा होता. खो-खोचा खेळाडू. खांबाला हात लावून असा वळायचा की पाठलाग करणारा पुढेच निघून जाई. आमच्याकडे मैदान म्हणजे शाळेमागचा मुरमाचा तुकडा आणि शिक्षक म्हणजे गणिताचे सर, जे हौसेने शिट्टी वाजवत. दुसऱ्या एका शाळेने त्याला बोलावले. तिथे चांगले मैदान, खेळाचे शिक्षक, जिल्ह्यापर्यंत जाणारा संघ. वडील दाखला मागायला आले आणि मी तो चार दिवस अडवून ठेवला. ग्रंथालयाचे पुस्तक बाकी आहे, सही राहिली आहे, उद्या या. खरे कारण इतकेच होते की मला राग आला होता. आम्ही त्याला पाचवीपासून घडवले आणि ढाल दुसऱ्यांच्या कपाटात जाणार.

त्या रागातच मी शोधायला लागलो की जगात कुठे या प्रकाराला आळा घालणारा नियम आहे का. आहे, अमेरिकेत आहे. तिथे शालेय खेळांसाठी राज्याराज्यांत संघटना आहेत आणि खेळाडूने शाळा बदलली तर त्याला कधी, किती खेळता येईल याचे नियम त्यांनी केलेले आहेत. सर्वसाधारण रीत अशी: आईवडिलांनी घर बदलले म्हणून शाळा बदलली, तर काही अडचण नाही. घर तेच आणि शाळा नवी, तर मुख्य संघातून वर्षभर बाहेर. मला हे वाचून फार बरे वाटले. मग मी इंडियाना राज्याचा इतिहास वाचला आणि ते बरे वाटणे टिकले नाही.

इंडियानात बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडचे क्रिकेट समजा. गावाची लोकसंख्या पाच हजार आणि शाळेच्या व्यायामशाळेत आसने त्याहून जास्त, असेही तिथे असते. शालेय खेळांची संघटना 1903 मध्ये स्थापन झाली. कारण साधे होते. त्या काळी शाळेचा म्हणून जो संघ उतरे त्यात कोण असेल याचा भरवसा नसे. शाळा सोडून काही वर्षे झालेले, कधीच शाळेत न गेलेले, गावातले तगडे कामगारसुद्धा शाळेचा सदरा घालून खेळत. म्हणून वयाची अट आली, हजेरीची अट आली, आणि खेळणारा त्या शाळेचा खराखुरा विद्यार्थी असला पाहिजे ही अट आली. हे सगळे योग्यच होते. 1913 पासून या संघटनेचा कारभार आर्थर ट्रेस्टर नावाच्या गृहस्थांकडे होता. कडक माणूस. नियम म्हणजे नियम. पुढे ते संघटनेचे आयुक्त झाले आणि 1944 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांच्याच शब्दावर संघटना चालली.

आता राजधानी इंडियानापोलिसकडे वळू. 1920 च्या दशकात या राज्यावर कू क्लक्स क्लानचा जबरदस्त पगडा होता. 1924 मध्ये निवडून आलेला गव्हर्नर त्यांच्याच पाठिंब्यावर आला होता. तोवर शहरातली कृष्णवर्णीय मुले इतरांबरोबर हायस्कुलात शिकत होती. शाळा मंडळाने ठरवले की त्यांच्यासाठी वेगळे हायस्कूल बांधायचे. वस्तीने विरोध केला, पण शाळा झाली. 1927 मध्ये ती उघडली. मंडळ तिला थॉमस जेफरसनचे नाव देणार होते. लोकांनी हट्ट धरून क्रिस्पस अ‍ॅटक्सचे नाव द्यायला लावले. 1770 मध्ये बॉस्टनला इंग्रज सैनिकांच्या गोळीबारात मेलेला हा कृष्णवर्णीय माणूस. अमेरिकी स्वातंत्र्यलढ्यातला पहिला बळी म्हणून त्याला ओळखतात. शहरातल्या सगळ्या कृष्णवर्णीय मुलांनी, घर कुठेही असो, याच शाळेत जायचे. शिक्षक मात्र तिथे असे मिळाले की हेवा वाटावा. विद्यापीठे कृष्णवर्णीयांना नोकऱ्या देत नसत, म्हणून एम. ए. आणि पीएच. डी. झालेली माणसे हायस्कुलात शिकवत होती.

या शाळेने खेळांच्या संघटनेचे सदस्यत्व मागितले. ट्रेस्टर यांनी नाकारले. कारण काय दिले? सदस्यत्व फक्त सार्वजनिक, सर्वांना खुल्या असलेल्या शाळांना आहे, आणि अ‍ॅटक्स सर्वांना खुली नाही, तिथे फक्त कृष्णवर्णीय मुलेच शिकतात.

मी हे दोनदा वाचले. ज्या मुलांना इतर शाळांतून काढून एका इमारतीत भरले, त्यांनाच सांगितले की तुमची इमारत सर्वांसाठी खुली नाही. नियमाच्या भाषेत चूक काढता येत नाही. गोऱ्यांच्या शाळा तरी सर्वांना खुल्या कुठे होत्या, हा प्रश्न त्या नियमाच्या कक्षेत येतच नव्हता. कॅथलिक चर्चच्या शाळाही याच कलमाखाली बाहेर होत्या, म्हणजे वरवर पाहता भेदभाव एकट्या कृष्णवर्णीयांशी नव्हता. बेइन्साफीला कलम आणि उपकलम मिळाले की ती किती शांतपणे फायलीत बसते, हे ज्याने कुठल्याही कार्यालयात एकदा अर्ज केला आहे त्याला सांगायला नको.

पंधरा वर्षे अ‍ॅटक्सची मुले राज्याच्या स्पर्धेबाहेर राहिली. खेळायचे तर राज्यातल्या इतर कृष्णवर्णीय शाळांशी, नाहीतर बसने दुसऱ्या राज्यांत जाऊन. स्वतःची व्यायामशाळा इतकी अपुरी की पुढेही मोठे सामने दुसरीकडेच घ्यावे लागत. 1942 मध्ये संघटनेने दार उघडले. कृष्णवर्णीयांच्या आणि चर्चच्या शाळा एकदमच आत आल्या.

नंतर काय घडले ते खेळाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. 1951 मध्ये अ‍ॅटक्स राज्याच्या शेवटच्या चार संघांत पोचली. 1954 मध्ये तिला मिलान या छोट्या गावच्या शाळेने हरवले. त्या शाळेत एकूण 161 विद्यार्थी होते आणि तीच त्या वर्षी राज्यात पहिली आली. हॉलीवूडने पुढे चित्रपट काढला तो मिलानच्या या विजयावर बेतलेला. 1955 मध्ये रे क्रो यांच्या मार्गदर्शनाखाली आणि ऑस्कर रॉबर्टसनच्या खेळावर अ‍ॅटक्स अजिंक्य ठरली. सर्वांना खुली असलेली राज्य स्पर्धा जिंकणारी ती देशातली पहिली पूर्ण कृष्णवर्णीय शाळा. अंतिम सामन्यात समोर होती गॅरी शहरातली रूझवेल्ट शाळा, तीही कृष्णवर्णीयांचीच. 97 विरुद्ध 74. पुढच्या वर्षी 31 सामने खेळून अ‍ॅटक्सने 31 जिंकले. इंडियानात वर्षभर एकही सामना न हरता विजेता झालेला तोवर कोणी नव्हता.

1955 च्या रात्री रिवाजाप्रमाणे विजेत्यांना अग्निशमन दलाच्या गाडीवर बसवून शहराच्या मध्यभागी, मॉन्युमेंट सर्कलला नेले. तिथे थांबून जल्लोष करायची पद्धत. या मुलांच्या गाडीने एक फेरी मारली आणि ती त्यांच्याच वस्तीतल्या बागेत पाठवण्यात आली. शहरासाठी पहिल्यांदाच राज्याचे अजिंक्यपद आणले होते त्यांनी. ऑस्कर रॉबर्टसन पुढे अमेरिकेच्या सर्वोत्तम बास्केटबॉलपटूंत गणला गेला, पण त्या रात्रीचा सल त्याने म्हातारपणीही बोलून दाखवला.

इथे एक उलटा हिशेब आहे. एखादी शाळा शहरभरातून चांगले खेळाडू गोळा करते, याला आज ‘भरती’ म्हणतात आणि तो सर्वांत मोठा गुन्हा मानतात. अ‍ॅटक्सकडे शहरभरातले कृष्णवर्णीय खेळाडू होते, पण ते गोळा केले होते शाळा मंडळाने, भिंत घालून. 1949 मध्ये राज्याने वेगळ्या शाळांची पद्धत कायद्याने बंद केली, तरी अ‍ॅटक्सचे रूप बरीच वर्षे तेच राहिले.

आता शाळाबदलीच्या नियमाकडे. ‘मूल ज्या घरात, त्या घराची शाळा’ हे त्याचे मूळ सूत्र. ऑस्करचे कुटुंब टेनेसीतून इंडियानापोलिसला कामासाठी आले होते. आईवडिलांसकट आलेले मूल नियमात बसते. पण मूल एकटेच आले तर? 1974 मध्ये असाच एक खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात निकालाला आला. फ्लोरिडातला एक मुलगा घरची परिस्थिती वाईट म्हणून ब्लूमिंग्टनला भावाकडे राहायला आला. संघटनेने त्याला अपात्र ठरवले, कारण आईवडिलांचे घर बदललेले नव्हते. न्यायालयाने सांगितले की खेळाडू पळवण्याला आळा घालणे हा हेतू ठीक आहे, पण जाळे इतके मोठे टाकले आहे की त्यात निर्दोष मुलेही अडकतात. त्यानंतर नियमांत अपवाद आले. मर्यादित पात्रता आली, म्हणजे वर्षभर दुय्यम संघातून खेळता येईल. कठीण परिस्थितीसाठी सवलत आली. आणि एक कलम उरले: बदली मुख्यतः खेळासाठी असेल तर 365 दिवस काहीच नाही.

मात्र 1997 मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या बाजूनेही निकाल दिला. एका जलतरणपटूने खासगी शाळा सोडून सरकारी शाळा धरली होती. खेळासाठी सोडली असा आरोप कोणीच केला नव्हता. तरी त्याला मर्यादित पात्रताच मिळाली, आणि न्यायालयाने ती मनमानी नाही असे ठरवले. प्रत्येक मुलाच्या मनातला हेतू शोधत बसण्यापेक्षा एक सरळ रेघ बरी, असा त्यामागचा विचार दिसतो. शिक्षक म्हणून मला तो कळतो. पन्नास मुलांचा वर्ग सरळ रेघांवरच चालतो.

या नियमांच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे हे मी नाकारत नाही. टेनेसीत एका खासगी शाळेच्या प्रशिक्षकाने अजून शाळेत दाखल न झालेल्या आठवीच्या मुलांना सरावाला या असे पत्र लिहिले आणि खाली सही केली, ‘तुमचा प्रशिक्षक’. 1997 मध्ये शाळेला 3,000 डॉलर दंड आणि फुटबॉल व मुलांच्या बास्केटबॉलच्या बाद फेरीतून दोन वर्षे बंदी झाली. प्रकरण दोनदा देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2007 मध्ये संघटना जिंकली. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाचे असे पत्र आले तर तो काय विचार करणार? तिथे कुंपण हवेच.

पण दुसऱ्या बाजूला आपल्याच मुंबईतले उदाहरण घ्या. सचिन तेंडुलकरने रमाकांत आचरेकर सरांच्या सल्ल्याने वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रम धरली, ती निव्वळ क्रिकेटसाठी. प्रवास लांब पडतो म्हणून तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहू लागला. म्हणजे आईवडिलांचे घर तेच, मूल नातेवाइकांकडे, हेतू उघडउघड खेळाचा. इंडियानाच्या जुन्या नियमात तीनही गोष्टींवर लाल शेरा बसला असता. फेब्रुवारी 1988 मध्ये हॅरिस शील्डमध्ये सचिन आणि विनोद कांबळीने आझाद मैदानावर 664 धावांची भागी केली, ती याच शाळेकडून. वांद्र्याच्या शाळेतल्या कोणा सरांना तेव्हा वाईट वाटले असेल का, हा प्रश्न मला पूर्वी कधी पडला नव्हता.

अमेरिकेतही वारे फिरले आहे. फ्लोरिडाने 2016 मध्ये कायदाच केला की शाळा बदललेल्या मुलाला लगेच खेळू द्यायचे. खुद्द इंडियानाने 2025 मध्ये पहिल्या बदलीपुरती मोकळीक दिली, भरतीवरची बंदी कायम ठेवून. आता तिथले लहान शाळांचे शिक्षक चिंतेत असणार, आणि त्यांची चिंता खोटी नाही. ज्यांच्याकडे मैदान आहे त्यांच्याकडेच सगळी मुले जातील. पण मैदान नसणे हा मुलाचा दोष नाही, आणि त्याला एक वर्ष बाकावर बसवल्याने आमच्या मुरमावर गवत उगवत नाही.

इंडियानाच्या पद्धतीतली एक गोष्ट मला सारखी आठवते. बदलीच्या अर्जावर तीन बाजू लिहितात: पालक, नवी शाळा आणि जुनी शाळा. मुलगा का गेला असे तुम्हांला वाटते, हे ज्या शाळेचा खेळाडू गेला तिलाच विचारतात. मला विचारले असते तर त्या चार दिवसांत मी काय लिहिले असते, ते मला पक्के ठाऊक आहे.

पाचव्या दिवशी मुलगा स्वतः आला, वडिलांना मजुरी सोडून परत येणे जमले नाही म्हणून. हातात ग्रंथालयाचे पुस्तक होते. त्याने ते टेबलावर ठेवले, सलाम केला आणि उभा राहिला. मी लिपिकाकडून दाखला मागवला. ‘शाळा सोडल्याचे कारण’ हा रकाना मोकळा होता. ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहिले, सही केली, आणि त्याला विचारले की नव्या शाळेत बूट देतात का. देतात म्हणाला.