‘सुरू होऊन राह्यला’ : वऱ्हाडातल्या मंद संगणकाचा इतिहास

थ्रेड.

प्रमाण मराठीत संगणक ‘सुरू होत आहे’. अकोला-अमरावतीकडे तो ‘सुरू होऊन राह्यला’. वऱ्हाडीतला हा चालू वर्तमानकाळ हिंदीच्या शेजारातून आला असे मानले जाते. पण २००० नंतरच्या दशकात वऱ्हाडातल्या घराघरांत आलेल्या संगणकांचे वर्णन करायला याहून नेमके क्रियारूप सापडणार नाही. बटण दाबावे, चहा टाकावा, चहा प्यावा, आणि तरी पडद्यावर ते निळे ठिपके सरकतच असावेत.

या मंदपणाला सर्वत्र एकच कारण दिले गेले: ‘जुना झाला.’ इतिहास म्हणून पाहिले तर हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचे ठरते. संगणक सावकाश सुरू होण्याची कारणे दर काही वर्षांनी बदलत गेली, आणि वऱ्हाडात पहिले मोठे कारण यंत्राच्या पेटीत नव्हतेच. ते विजेच्या तारेत होते.

आधी मूळ अडचण समजून घेऊ. वीज आली त्या क्षणी संगणकाची स्मृती कोरी असते. प्रोग्राम स्मृतीत आणायचा तर त्यासाठीही एक प्रोग्राम लागतो; मग तो पहिला कोणी आणायचा? आपल्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलण्याची जी इंग्रजी कल्पना आहे, तिच्यावरून या कोड्याला ‘बूटस्ट्रॅप’ आणि पुढे ‘बूट’ हे नाव पडले. सुरुवातीच्या यंत्रांत ही पहिली पायरी माणूसच हाताने, कळा वरखाली करून किंवा छिद्रांची फीत घालून चढवीत असे. १९८१च्या आयबीएम पीसीत हे काम बायोस नावाच्या, चिपवर कायम कोरलेल्या प्रोग्रामकडे होते. बायोस आधी स्मृती, कळफलक, डिस्क जागेवर आहेत का ते तपासतो आणि मग डिस्कवरून मुख्य प्रणाली बोलावतो.

या वेळेची किंमत फार लवकर लक्षात आली होती. मॅकिन्टॉश तयार होत असताना, १९८३ मध्ये, स्टीव्ह जॉब्स यांनी लॅरी केन्यन या अभियंत्याला हिशेब घातला होता: उद्या पन्नास लाख लोक हे यंत्र वापरणार असतील आणि सुरुवातीचे दहा सेकंद वाचले, तर रोजचे पाच कोटी सेकंद, म्हणजे वर्षाला कित्येक माणसांची आख्खी आयुष्ये वाचतील. अँडी हर्ट्झफेल्ड या सहकाऱ्याने ही आठवण नोंदवली आहे. वऱ्हाडातल्या मिनिटांची बेरीज मात्र कोणी मांडली नाही.

वऱ्हाडात संगणकाचे शिक्षण आधी आले, घरातले यंत्र फार नंतर. १९८३ हे त्यातले महत्त्वाचे वर्ष: अमरावती विद्यापीठ आणि बडनेरा व शेगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालये त्याच वर्षीची. घरापर्यंत संगणक नेण्याचे श्रेय मात्र एका परीक्षेला द्यावे लागते. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले, एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला, आणि सरकारी नोकरीसाठी संगणकाचे प्रमाणपत्र लागू लागले. कापसाचे पैसे हाती आले की मुलाला संगणक, हा विचार मग शेतकरी कुटुंबांतही शिरला. नामांकित कंपनीचे यंत्र परवडत नसे. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून निघत आणि गावातल्या दुकानात जोडले जात. १२८ एमबी रॅम, ४० जीबीची डिस्क, आणि त्यावर विंडोज ९८ किंवा एक्सपी.

एक्सपी २००१ मध्ये आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने ३० सेकंदांत सुरू होण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. अकोल्यात ते का गाठले जाईना?

भारनियमन. २००५ मध्ये राज्य वीज मंडळाची विभागणी होऊन महावितरण जन्माला आले, आणि पुढची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने रोज कित्येक तास अंधारात काढली. यातला विरोधाभास बोचरा आहे. पारसचे औष्णिक वीज केंद्र अकोला जिल्ह्यातच, बाळापूर तालुक्यात आहे; तिथल्या धुराड्याखालच्या गावांतही वीज वेळापत्रकानेच येत होती.

वीज अचानक गेली की संगणक रीतसर बंद होत नाही. डिस्कवरची एखादी फाइल अर्धी लिहिलेली राहते, नोंदवही आणि प्रत्यक्ष साठा जुळत नाही. विंडोज ९८ पुढच्या वेळी सुरू होताना हे ओळखे आणि स्कॅनडिस्क नावाची तपासणी लावी. निळा पडदा उघडे; तुम्ही यंत्र नीट बंद केले नाही, असा वापरणाऱ्यालाच ठपका देई; आणि मग संपूर्ण डिस्क पाहू लागे. एक्सपीतही डिस्क फॅट३२ पद्धतीने आखलेली असेल तर हे टळत नसे. एनटीएफएस पद्धतीत बदलांची रोजनिशी आधी लिहिली जाते, त्यामुळे ती अशा धक्क्यातून लवकर सावरते. म्हणजे एकाच गावात, एकाच किमतीचे दोन संगणक, एक मिनिटात आणि दहा मिनिटांत सुरू होत, आणि फरक केवळ डिस्क कशी आखली एवढाच असे. ही गोष्ट घरच्यांना कोणी सांगितली नाही.

यावर यूपीएस हा उपाय होता. पण त्याच्या आतली बॅटरी शिसे-आम्लाची, आणि तिचे आयुष्य साधारण २५ अंश तापमान धरून सांगितलेले. त्यापुढे दर आठ-दहा अंशांना आयुष्य निम्मे होत जाते, असा ढोबळ नियम आहे. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि वीज गेली की कूलरही थांबतो. कागदावर पंधरा मिनिटे पुरणारी यूपीएस दुसऱ्या उन्हाळ्यानंतर दोन मिनिटांवर येई. स्कॅनडिस्क परत.

आणखी एक बारीक गोष्ट फार थोड्यांना माहीत होती. डिस्कशी बोलताना सहा चुका साचल्या की एक्सपी डिस्कचा वेग एक पायरी खाली आणी. चुका होत राहिल्या तर ती थेट पीआयओ या जुन्या, धिम्या पद्धतीवर येई आणि आपण होऊन परत वर जात नसे. सैल केबल, कमीजास्त होणारा दाब, एवढे कारण पुरे. व्यवस्थापनाच्या खिडकीत जाऊन ती नोंद काढली आणि यंत्र पुन्हा सुरू केले की वेग परत येई, खर्च शून्य. अशा कित्येक संगणकांना ‘डिस्क गेली’ म्हणून नवी डिस्क बसली असेल.

उन्हाळ्याचा दुसरा साथीदार कूलर. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात कूलरच्या ताट्यांवर क्षाराचे पांढरे थर चढतात, हे तिथल्या कोणालाही सांगायला नको. त्याच खोलीत, दमट वाऱ्याच्या झोतात संगणक असे. रॅमच्या पट्टीवरचे संपर्क मळले की बायोसची पहिली तपासणीच अडकते. पडदा काळा, आणि आतून लांब ‘बीप’. यावर वऱ्हाडातल्या मेकॅनिकचे हत्यार ठरलेले: पट्टी काढायची आणि खोडरबराने घासायची. बाहेरच्याला हा जादूटोणा वाटतो. पण उपाय शास्त्राला धरून आहे, फक्त कचरा पुन्हा खाचेत पडू देऊ नये.

त्याच काळात जगभर सदोष कपॅसिटरांची साथ आली होती. २००० च्या आगेमागे बनलेल्या असंख्य मदरबोर्डांवरचे कपॅसिटर फुगले, गळले. उष्णतेत ते आधी मरतात. तीन-चार प्रयत्नांनी सुरू होणारा संगणक दिसला तर पेटी उघडून कपॅसिटरांची टोपी सपाट आहे की फुगीर, एवढे पाहणे पुरेसे असे.

पण सगळा दोष वीज आणि उन्हाला देणे अन्यायाचे होईल. काही ओझे मराठीने स्वतःच चढवले. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी पत्रिका, निवडणुकीची पत्रके आणि स्थानिक वृत्तपत्रे पुढची वीस वर्षे श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांवर चालली. प्रत्येकाची अक्षरजुळणी वेगळी, म्हणून डीटीपीच्या संगणकात शेकडो फॉन्ट भरून ठेवावे लागत. विंडोज सुरू होताना या सगळ्यांची हजेरी घेई. विंडोज ९८ तर हजाराच्या आसपास फॉन्टांनंतर कोलमडेच. लग्नसराईत दुकानातला संगणक धापा टाकी तो यामुळे.

मग पेनड्राइव्ह आले आणि त्यांच्यासोबत विषाणू. सुरुवातीच्या टप्प्यालाच धरणारा विषाणू नवा नव्हता. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ फ्लॉपीच्या बूट विभागातच बसे आणि फ्लॉपी मंद करी. त्यावरचे औषध मराठी माणसानेही केले: पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांच्या दुकानातून ‘क्विक हील’ उभे राहिले. घरोघरी मात्र भीतीपोटी एकावर एक दोन अँटिव्हायरस बसू लागले. दोन्ही एकाच फाइलला, आणि एकमेकांनाही, तपासत राहत. रोगापेक्षा औषध जड झाले.

या सगळ्या वेगवेगळ्या दुखण्यांवर एकच सरसकट तोडगा रूढ झाला: ‘फॉरमॅट मारा.’ तो चाले, हे मान्य करावे लागेल. फॉन्ट, विषाणू, दुहेरी अँटिव्हायरस सगळे एका फटक्यात जाई. पण भारनियमन तसेच, यूपीएस तशीच, कपॅसिटर तसेच. म्हणून सहा महिन्यांत मंदपणा परत. आणि दर वेळी काहीतरी कायमचे पुसले जाई: लग्नाचे फोटो, आजोबांनी सांगून टाइप करवून घेतलेल्या आठवणी, ग्रामपंचायतीचा अर्ज, कीर्तनाची टिपणे. जे वाचे तेही फॉन्ट नसल्यामुळे रोमन अक्षरांचा गिचमिड काला म्हणून उघडे. वऱ्हाडच्या या दशकाचा इतिहास पुढे कोणी लिहू गेले तर त्याला या पुसलेल्या साधनांची पोकळी जाणवेल.

खरे निदान सोपे होते, आजही आहे. उशीर कुठे होतो ते घड्याळ लावून पाहावे. कंपनीचे चिन्ह दिसण्याआधी असेल तर रॅम, वीजपुरवठा किंवा मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी. ती संपली की तारीख मागे जाते, ‘एफ-वन दाबा’ असा निरोप येतो, आणि बायोस आपल्या मूळ क्रमावर येऊन नसलेली फ्लॉपीही शोधत बसतो. चिन्ह आणि डेस्कटॉप यांच्या मध्ये असेल तर बहुधा डिस्क. डेस्कटॉप दिसूनही माउस हलत नसेल तर आपोआप उघडणारे प्रोग्राम. ते विंडोज ९८ पासून एमएसकॉन्फिगमध्ये आणि विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरमध्ये बंद करता येतात. फिरत्या डिस्कने हे तिन्ही टप्पे एकमेकांत मिसळून टाकले होते, कारण तिची सुई एका जागेवरून दुसरीकडे जायलाच दहाएक मिलिसेकंद घेई आणि सुरू होताना अशा हजारो उड्या लागत. एसएसडीत सुई नाही. २०२० नंतर दोन हजारांच्या आसपास मिळू लागलेल्या एसएसडीने दहा वर्षांचे यंत्र अर्ध्या मिनिटात उभे केले, तेव्हा ‘जुना झाला’ हे कारण किती पोकळ होते ते उघड झाले.

एक गंमत. विंडोज ८ मध्ये ‘जलद सुरुवात’ आली: बंद करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवायचा आणि पुढच्या वेळी तोच उचलायचा. त्यामुळे आज ‘बंद करून चालू करा’ हा पिढीजात सल्ला अर्धाच लागू पडतो. खरी कोरी सुरुवात हवी तर ‘रीस्टार्ट’ म्हणावे लागते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, आणि एमएस-सीआयटीच्या लाटेत आलेल्या यंत्रांपैकी एकातही ती नाही. ती यंत्रे आता भंगाराच्या हातगाडीवर जात आहेत. त्यातली ४० जीबीची डिस्क काढून घ्यायला एक स्क्रूड्रायव्हर लागतो, आणि यूएसबीच्या जोडणीने ती आजच्या लॅपटॉपवरही बहुधा वाचता येते. आतल्या फाइली श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये असतील तर त्या युनिकोडमध्ये बदलणारी साधने आहेत. मात्र मूळ फॉन्ट कोणता होता ते माहीत असावे लागते, आणि त्याचे नाव त्याच डिस्कवर, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये सापडते. म्हणून फॉरमॅटआधी ते फोल्डर उतरवून घ्यावे.