तारा : एका नावाचा इतिहास

बाळ जन्मल्यानंतर बाराव्या दिवशी आत्याने पाळण्यावर वाकून त्याच्या कानात नाव सांगावयाचे आणि भोवतालच्या सुवासिनींनी तिच्या पाठीत हलके धपाटे घालावयाचे, ही आपल्या घरोघरची रीत आहे. त्या गडबडीत कानात पडलेले दोन-तीन अक्षरांचे नाव ही त्या जीवाची पहिली मिळकत होय. इतिहास म्हटला की आपल्या दृष्टीपुढे लढाया, तह आणि सनदा उभ्या राहतात. परंतु घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली नावे हेही इतिहासाचेच एक साधन आहे, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. करवीरनगरीत ज्या नावाला विशेष मान आहे, त्या ‘तारा’ या नावाचा अर्थ, त्याची परंपरा आणि त्यावरून आपल्या समाजाने घ्यावयाचा बोध यांचा थोडक्यात विचार करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

प्रथम अर्थ पाहू. तारा म्हणजे आकाशातील चांदणी, हा अर्थ सर्वांच्या परिचयाचा आहे. वेदांत चांदण्यांसाठी ‘स्तृ’ हा शब्द आढळतो. त्यातील आद्य सकार गळून ‘तारा’ हे रूप रूढ झाले, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. फारसीतील ‘सितारा’, ग्रीकांचा ‘आस्टर’ आणि इंग्रजांचा ‘स्टार’ ही सर्व याच कुळातील भावंडे होत. दुसरा अर्थ ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे या धातूवरून निघतो. जी तारते, पैलतीरी नेते, ती तारा. डोळ्यातील बाहुलीलाही संस्कृतात तारा म्हणतात. म्हणजे प्रकाश, तारण आणि दृष्टी या तीनही गोष्टी या लहानशा नावात एकत्र आल्या आहेत.

ज्योतिषातही या शब्दाला स्थान आहे. जन्मनक्षत्रापासून मोजलेल्या नऊ तारांवरून शुभाशुभ पाहतात, त्याला ताराबल म्हणतात. लग्नघटिका जवळ आली, भटजी ‘ताराबलं चंद्रबलं’ म्हणू लागले, की मंडपात जी धावपळ उडते, तिच्यावरूनच मराठीत ‘तारांबळ’ हा शब्द आला, असे सांगतात. स्वाती नक्षत्राच्या चौथ्या चरणावर जन्मलेल्या बाळासाठी ‘ता’ हे आद्याक्षर पंचांगात दिलेले असते. अशा मुलीचे पत्रिकेतील नाव तारा ठेवणे साहजिकच होते.

पुराणांत या नावाच्या स्त्रिया अनेक. देवगुरू बृहस्पतीची पत्नी तारा. किष्किंधेचा राजा वालीची पत्नी तारा. यांपैकी दुसरीची गणना पंचकन्यांमध्ये होते. सुग्रीवाने पुन्हा युद्धाचे आव्हान दिले, तेव्हा त्याच्या पाठीशी कोणी बलवान साहाय्यकर्ता असला पाहिजे, हे तिने ओळखले व पतीला जाण्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. वालीने ते ऐकले नाही व तो प्राणास मुकला. शाक्तांच्या दशमहाविद्यांत तारा ही दुसरी. महायान बौद्धांची तारा भवसागरातून तारणारी करुणामयी देवता असून तिच्या मूर्ती आपल्या महाराष्ट्रातच वेरूळ, औरंगाबाद व कान्हेरी येथील लेण्यांत पाहावयास मिळतात. असे हे नाव एका पंथाचे नाही.

सत्त्वशील हरिश्चंद्राची राणी आपल्याकडे तारामती म्हणून प्रसिद्ध आहे. मार्कंडेय पुराणात तिला शैब्या म्हटले आहे. परंतु कीर्तनांतून व आख्यानांतून तारामती हेच नाव बायाबापड्यांच्या ओठी बसले. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुष नटाने केले, कारण त्या काळी स्त्रिया पडद्यावर येण्यास तयार नव्हत्या. पुढे १९३२ साली आपल्या कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला. व्ही. शांताराम त्याचे दिग्दर्शक. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले आणि तारामतीच्या भूमिकेत दुर्गाबाई खोटे उभ्या राहिल्या. एकोणीस वर्षांत तारामतीला स्वतःचा चेहरा व स्वतःचा आवाज मिळाला, आणि तो करवीरात मिळाला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगावी अशीच आहे.

तथापि कोल्हापूरकराला ‘तारा’ म्हणताच प्रथम आठवतात त्या महाराणी ताराबाई. सरसेनापती हंबीरराव मोहिते यांच्या या कन्येचा जन्म १६७५ चा. छत्रपती राजाराम महाराजांशी त्यांचा विवाह झाला. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे देहावसान झाले, तेव्हा ताराबाईंचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. पदरी लहान मुलगा, समोर औरंगजेबासारखा बलाढ्य बादशहा. १७०१ मध्ये पन्हाळा, १७०२ मध्ये विशाळगड मोगलांच्या हाती गेला. परंतु या स्त्रीने धीर सोडला नाही. मुलाच्या नावाने कारभार हाती घेऊन तिने सरदारांना कामास लाविले, मराठी फौजा माळव्या-गुजरातपर्यंत धाडिल्या, आणि बादशहा एक किल्ला घेऊन पुढे सरकताच मागचा किल्ला परत मिळविण्याचा क्रम चालू ठेवला. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगराजवळ मरण पावला. दक्षिण जिंकण्याचा त्याचा हेतू सिद्धीस गेला नाही. मोगलांचा इतिहासकार खाफीखान हा काही मराठ्यांचा मित्र नव्हे. परंतु त्यानेही तिची बुद्धिमत्ता व कारभारातील हुशारी मान्य केली आहे.

शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यावर वारसाचा झगडा सुरू झाला. त्यातून १७१० च्या सुमारास करवीरची स्वतंत्र गादी निर्माण झाली. पण ज्या गादीची स्थापना त्यांनी केली, तीवर त्यांच्या वंशाला राहता आले नाही. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तांतर होऊन त्यांची सवत राजसबाई यांचे पुत्र संभाजी गादीवर आले. ताराबाई व त्यांचे पुत्र शिवाजी यांस कैदेत ठेवण्यात आले. त्या पुत्राचाही कैदेतच अंत झाला. पुढे वारणेच्या तहानंतर ताराबाई साताऱ्यास गेल्या, तेथेही राजकारणात वावरल्या, आणि पानिपतानंतर त्याच वर्षी, म्हणजे डिसेंबर १७६१ मध्ये, शाऐंशी वर्षांच्या वयात निवर्तल्या.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. करवीरची गादी पुढे ज्यांच्याकडे चालली, ते ताराबाईंच्या पोटचे नव्हेत. तरीही पन्हाळ्यावर आजही दाखविला जातो तो ताराराणींचा वाडा. कोल्हापुरात प्रवेश करताच कावळा नाक्यावर घोड्यावर आरूढ झालेल्या दिसतात त्या ताराराणी. मुलींच्या शिक्षणाचे कार्य करणारी संस्थाही आहे ताराराणी विद्यापीठ. वंश खुंटला, नाव राहिले. १९१८ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची नात करवीरच्या राजघराण्यात राजाराम महाराजांची राणी म्हणून आली, तीही महाराणी ताराबाई म्हणूनच ओळखली गेली. मग सामान्य घरांतून हे नाव पसरले यात नवल काय? गल्लोगल्ली ताराबाई, ताराक्का, ताराकाकू. सीमेकडील खेड्यांत ताराव्वा.

इतर प्रांतांतही या नावाने कीर्ती मिळविली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहून, सारे दोष स्त्रियांच्याच माथी का, असा रोखठोक प्रश्न विचारला. महात्मा फुले यांनी त्यांची बाजू घेतली. परंतु इतरांनी त्यांना विस्मृतीत ढकलले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा कोठे नव्या पिढीला त्या कळल्या. बालशिक्षणाच्या क्षेत्रात ताराबाई मोडक यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत बालवाडी नेली; त्यांना १९६२ मध्ये पद्मभूषण किताब मिळाला.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात मुलींच्या नावांची आवड पालटली. आशा, उषा, मग सुनीता, संगीता अशी नावे आली, आणि तारा हे नाव आजीचे झाले. आता लहान, सुटसुटीत नावांची आवड वाढल्यामुळे ते पाळण्यावर पुन्हा ऐकू येऊ लागले आहे. परदेशी गेलेल्या आपल्या लेकीसुनांनाही ते सोयीचे वाटते, कारण उच्चाराची अडचण पडत नाही.

परंतु नाव ठेवणे एक आणि ते राखणे दुसरे. आपल्याकडे पुष्कळ घरांतून लग्नाच्या वेळी तांदळाच्या ताटात अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची चाल होती. काही ठिकाणी ती अद्यापि आहे. मोरोपंत तांबे यांची मनकर्णिका झाशीची लक्ष्मीबाई झाली. यमुना ही डॉक्टर आनंदीबाई जोशी झाली. आणखी एक यमुना रमाबाई रानडे झाली. या थोरांची दोन्ही नावे आपणांस ठाऊक आहेत, कारण त्यांची चरित्रे लिहिली गेली. इतरांचे काय?

प्रस्तुत लेखकाच्या आजीचे नाव ताराबाई. घरी आजोबांच्या हातची एक वंशावळ आहे. तीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत. कोणी गाव सोडले, कोणी दत्तक गेला, सर्व नोंदले आहे. स्त्री एकही नाही. लेख लिहिण्यास बसलो तेव्हा आठवले की, ‘तारा’ हे आजीचे सासरचे नाव. मग बारशाला तिच्या कानात कोणते नाव सांगितले होते? वडिलांच्या पिढीतील कोणास सांगता आले नाही. आजीच्या माहेरी विचारावे, तर तिला त्या नावाने हाक मारणारे शेवटचे माणूसही गेलेले. ज्या बाईच्या हातचे जेवून आम्ही वाढलो, तिचे पहिले नाव आमच्या घराने हरविले. मला याची लाज वाटली, आणि हे येथे नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो.

काळ पालटत आहे. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत प्रथम आईचे, मग वडिलांचे नाव व शेवटी आडनाव लिहावे, असे महाराष्ट्र शासनाने ठरविले आहे. जे सरकारी दप्तराने स्वीकारले, ते आपल्या ज्ञातीच्या दप्तराने का स्वीकारू नये?

म्हणून सर्व ज्ञातिबंधुभगिनींना नम्र विनंती अशी की, पुढील कुटुंबसूचीसाठी माहिती पाठविताना घरातील प्रत्येक स्त्रीचे माहेरचे नाव, सासरचे नाव आणि माहेरचे गाव ही तीनही अवश्य लिहावी. लेकीही वंशावळीत घ्याव्या. घरात ऐंशी वर्षांच्या आजी असतील, तर हे काम उद्यावर टाकू नये, आजच त्यांच्याजवळ बसावे आणि विचारावे, “आजी, तुमचं पाळण्यातलं नाव काय?” त्या हसतील, लाजतील, कदाचित ‘आता कशाला ते’ म्हणतील. पण सांगतील. ते लिहून घ्यावे.

महाराणी ताराबाईंचे नाव वंशाने राखले नाही. ते करवीरच्या लोकांनी राखले. आपल्या घरच्या ताराबाईंचे नाव राखण्यास आपल्याशिवाय दुसरे कोण आहे?